धनुष्याच्या पाठीवरचे कापड

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, बांधकाम कार्यालयातून निवृत्त झालेली आरेखक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर दुसऱ्या कोणाचे दडपण नाही. माझे स्वतःचे आहे, पण ते कायद्यात धरत नाहीत. येत्या शुक्रवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत घरी जाल. असे ज्यांना सांगतात ते सगळेच घरी जातात असे नाही, म्हणून हा कागद. यापूर्वीची माझी चार मृत्युपत्रे (दोन प्रवासाआधीची, एक दाढ काढण्याआधीचे, एक सहजच) रद्द समजावीत.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर माझ्या भाचीला. माझी बहीण गेली तेव्हा भाची अकरा वर्षांची होती, आणि तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. घर तसेही तिचेच, फक्त कागदांवर माझे नाव. न्हाणीघराची कडी अडकते. दार थोडे वर उचलून ओढावे. गॅसचे बटण दोनदा बघावे. मी पाच वेळा बघते, तिने तेवढे करू नये.

कलम २. बँकेतली ठेव भाचीलाच. कंपासपेटीही तिलाच. तिला तिचा काही उपयोग नाही, पण ती परक्या हातात गेलेली मला बघवणार नाही. बघायला मी नसेन हे मला कळते, तरीही.

कलम ३. घडीची शिडी माझ्या धाकट्या भावाला. नऊ वर्षांपूर्वी त्याने ती नेली आणि तिची चौथी पायरी मोडली. मोडली ते सांगितले नाही. खिळे मारले, वरून रंग दिला आणि हसत आणून दिली. मी माळ्यावरचे काढायला चढले आणि मनगट मोडून घेतले. मग म्हणतो कसा, "तुझंच वजन वाढलंय, ताई." तेव्हापासून आमचे बोलणे नाही. शिडी त्याने स्वतःच्या घरात ठेवावी आणि येता-जाता बघावी.

कलम ४. हत्यारे: दोन मुठींची सुरी, गोल कानस, लाकूड खरवडायच्या काचांचा डबा. ही माझी नाहीत, वापरायला घेतलेली; रंधेकाका आणि कानसताई यांच्या कारखान्यात परत द्यावीत. हे दोघे सख्खे भाऊ-बहीण चाळीस वर्षे लाकडी धनुष्ये बनवतात. तिथे प्रत्येकाला हत्याराच्या नावाने हाक मारतात. माझे नाव पहिल्याच दिवशी मोजपट्टी पडले, कारण लाकडाला हात लावण्याआधी मी ते सहा ठिकाणी मोजले. भाची तिरंदाजीला जाते आणि क्लबातली मागून आणलेली धनुष्ये वापरते. तिला एक आपल्या हाताने करून द्यावे, एवढ्यासाठी मी तिथे गेले. चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या आकृत्या उतरवल्या आणि तपासल्या होत्या. स्वतः काही उभे केले नव्हते.

रंधेकाकांनी मोजपट्टी काढून घेतली आणि वलय शोधायला सांगितले. झाडाची एका वर्षाची वाढ म्हणजे एक वलय. धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरणाऱ्यापासून लांबची बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वलयाची हवी, कारण ताण तिच्यावर येतो. सुरी एका जागी जरी खोल गेली तरी धनुष्य तिथून मोडू शकते, आणि मोडते ते पूर्ण ओढलेले असताना, म्हणजे ओढणाऱ्याच्या तोंडासमोर. कानसताईंच्या कपाळावर त्याचा व्रण आहे. नव्या माणसाला त्या तो जवळ बोलावून दाखवतात.

कलम ५. धनुष्य. हे कलम लिहायला मी सकाळपासून टाळते आहे. दरम्यान दोनदा कपाट आवरून झाले.

पहिले लाकूड मी वाया घालवले. दुसऱ्यावर चार महिने काढले. मुठीच्या वर चार बोटांवर एक बारीक गाठ होती, तिथे सुरी सटकली आणि वलय कापले गेले. नखाएवढी जागा. अशा वेळी सगळी पाठ आणखी एक वलय खाली उतरवायची असते. पण मग भाचीच्या ताकदीचे धनुष्य त्यातून निघाले नसते, आणि तिसऱ्यांदा सुरुवात करायचा धीर माझ्यात नव्हता. मी तिला सांगून बसले होते, तीही चार मैत्रिणींना सांगून बसली होती.

मजबुतीसाठी पाठीवर कापड चिकटवायची तिथे रीत आहे. मात्र त्याआधी दोघांपैकी एकाने उघड्या पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि मुठीच्या कडेला, कापड येत नाही तिथे, पेन्सिलीने आपली खूण करायची. कानसताईंची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि वर टिंब. एका शनिवारी दोघे चहाला गेले असताना ती खूण मी काढली. हुबेहूब आली, जन्मभर तेच काम केले होते. मग निळे कापड सरसाने चिकटवून टाकले. रंधेकाकांनी खूण पाहिली, ताईंनी बघितले म्हणजे झाले असे म्हणाले आणि धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला अडकवून दोरीने ताणायला घेतले. बावीस इंचांपर्यंत दोन्ही बाजू सारख्या वाकल्या. काकांनी मान हलवली. याहून जास्त कौतुक त्यांच्याकडून कोणाला मिळालेले नाही.

पूर्ण ताण अठ्ठावीस इंचांचा, पण शेवटचे सहा इंच भिंतीवर ओढत नाहीत. बनवणाऱ्यानेही ओढायचे नसतात, कारण त्याचा हात लाकडाला सांभाळून घेतो. धनुष्य ज्याच्यासाठी केले त्याने पहिला पूर्ण ताण घ्यायचा. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार ठरला आहे. तोवर धनुष्य घरीच आहे, आणि मला रोज ती जागा कापडातून दिसते. कदाचित काही होणार नाही. कदाचित तिचा डोळा जाईल.

म्हणून लिहून ठेवते की हे धनुष्य कोणीही ओढू नये, माझी आठवण म्हणूनही. मी गेले तर भाची पहिले तेच हातात घेईल, मी तिला ओळखते.

कलम ३ आत्ता पुन्हा वाचले. भावात आणि माझ्यात काय फरक, ते मला सांगता आले नाही. त्याने रंग तरी हलका वापरला होता, लगेच उडाला.

कलम ६. वरच्या कलमात चूक आहे. हा कागद मी मेल्यावर उघडायचा. मी मेले तर भाचीला सगळे कळेल आणि ती सुखरूप राहील. पण डॉक्टर म्हणतात तशी मी दोन दिवसांत घरी आले, तर पाकीट कपाटात राहील, तो रविवार येईल, ती धनुष्य ओढील आणि मी शेजारी उभी असेन. म्हणजे तिला काही होऊ नये यासाठी मी शुक्रवारी मरायला हवे, अशी व्यवस्था मी करून ठेवली आहे. मी भित्री आहे हे मला माहीत होते. इतकी, हे माहीत नव्हते.

साक्षीला काका आणि ताईंना सहा वाजता बोलावले आहे. साक्षीदाराने सही करताना पाहायचे, मजकूर वाचायची गरज नसते, असे वकिलांनी सांगितले होते. त्यांच्यासमोर कबूल केल्यासारखे होईल आणि त्यांना कळणारही नाही, म्हणूनच मी या दोघांना निवडले, तेही नोंदवते. भाचीला फोन केला आहे. ती येईपर्यंत सही करत नाही.

यापुढचा मजकूर सर्वांच्या देखत लिहिला.

कलम ५ मी मोठ्याने वाचले. कानसताईंनी धनुष्य मांडीवर घेतले, कापडावरून अंगठा फिरवला आणि पहिल्याच खेपेला बरोबर त्या जागी थांबल्या. रंधेकाका म्हणाले की आपणही बघायला हवे होते, खुणेवर विसंबलो. ताई म्हणाल्या, "माझी खूण काढलीत तुम्ही, मोजपट्टी. हे मी विसरणार नाही."

मग भाची म्हणाली, "मावशी, हे मी तू गेल्यावर वाचायचं होतं?"

मी हो म्हणाले.

ती उठून आत गेली.

धनुष्य रंधेकाका आजच घेऊन जात आहेत. कापड सोडवून पाठ एक वलय खाली उतरवता येईल, धनुष्य हलके होईल, ते कोणाला द्यायचे ते मग बघू, आणि उतरवायचे काम मी स्वतः करायचे, असे त्यांचे म्हणणे. कलम ५ त्याप्रमाणे बदलले समजावे. भाची वारस असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही. शुक्रवारी सोबत कोण येणार, हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही. आतून आवाज येतो आहे. तिने माझी दवाखान्याची पिशवी भरायला घेतली आहे, आणि प्रत्येक टॉवेलची घडी हात आपटून करते आहे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि वाचून दाखवले. ते मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: रंधेकाका (सही)
साक्षीदार २: कानसताई (सही, सगळे ऐकून)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिवस: बुधवार, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे