कानपिळीची पेटी

२ फेब्रुवारी, रविवार

सुपारी फुटली. वीरधवलचं ठरलं एकदाचं! औंधाची शिवांजली. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली. आणि सासू, म्हणजे मी, चौथी पास. बघू आता.

पण निघता निघता एक भानगड करून आले. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो — माझ्या बहिणीला नीट ठेव म्हणून — आणि आमच्याकडनं त्याला कापडं. शिवांजलीला भाऊ नाही. एक धाकटी बहीण, प्रियदर्शनी, अकरा वर्षांची. त्यांचे चुलते लालासाहेब म्हणाले, "चुलतभाऊ पिळंल की." मी म्हणाले, "बहीणच पिळंल. कानाला काय कळतंय, हात पोराचा का पोरीचा?" सगळे हसले. पोरगी हसली नाही. ताईचा पदर धरून बसलेली, सोडतच नव्हती. विचारलं, "काय गं, कापडं कसली घेऊ तुला?" तर म्हणते, "कापडं नको. मला केमिस्ट्रीचा सेट पायजे. न्हाईतर मी मांडवात येणार न्हाई."

तिची आई लाजून म्हणाली, "राहू द्या ओ विहीणबाई, खुळी हाय ती." माझं तोंड कुठं गप बसतंय! "देते की! त्यात काय!"

त्यात काय असतं तेच मला माहीत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

वीरधवलला फोन लावला. तो तिकडं बर्फात, पलटणीत. "आई, ड्युटीवर हाय. सांगलीत मिळंल." कट! ह्यांना विचारलं. "ऊसतोडीची टोळी आलीय शेतात, मला काय विचारतीस?" नणंद चंद्राबाई म्हणते, "फ्रॉक दे आणि मोकळी हो. एवढ्याशा पोरीपुढं वाकतीस व्हय?"

शिवांजलीला विचारलं तर एका मिनिटात कळेल. पण नाही विचारणार. सून उंबरा ओलांडायच्या आधीच सासूचं अडाणीपण कशाला दाखवायचं?

८ फेब्रुवारी, शनिवार

बस्त्याला सांगलीत गेलो, दोन्हीकडची माणसं. साड्यांचा ढीग पडला तशी मी सटकले. रिक्षा करून खेळण्यांच्या दुकानात. पोऱ्यानं तीन पेट्या मांडल्या. एकीत सगळं प्लास्टिक. एकीत काचेच्या नळ्या आणि दिवा. तिसरीत काय काय, त्यालाच सांगता येईना.

"ह्यात काय हुतंय?"

"रंग बदलतो, काकी."

"मग?"

"मग काय... बदलतो."

"बदलून करायचं काय?"

त्यानं पेट्या उलट्या करून दाखवल्या. एका पेटीवर लिहिलंय आठ वर्षांच्या वर. दुसरीवर बारा. म्हणलं, पोरगी अकराची हाय, तिनं मधीच लोंबकळायचं का? तो हसला. मला हसू येईना. मोकळ्या हातानं परत. चंद्राबाई म्हणाली, "कुठं उलथली हुतीस?"

९ फेब्रुवारी, रविवार

डोकं चालत नाही. काच फुटली तर? प्लास्टिक घेतलं तर विहीणबाई म्हणतील, फसवलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

विहीणबाईंचा फोन. पोरगी धड जेवत नाही. ताईच्या बॅगा भरायला घेतल्या की काढून टाकते. मांडवात येणार नाही हे एकच धरून बसलीय. ती नाही आली तर शिवांजली अक्षतांना उभी राहून रडणार. म्हणलं, द्या तिच्याकडं फोन.

"कुठला सेट पायजे गं तुला?"

"काचेचा. प्लास्टिकचं तापवता येत न्हाई."

एवढं मात्र कळलं! प्लास्टिकच्या कढईत कोण फोडणी टाकतंय!

मी फोन ठेवणार तर तीच म्हणाली, "काकी, तुमी रागावता का?"

"रागावते."

"कशानं?"

"कशानं बी."

"मग शांत कशानं हुता?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. सेटचं विचारायला तिला फोनवर घेतलं आणि परीक्षा माझी झाली. पोरगी आहे का मास्तरीण!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

परत सांगली. एकटीच. ह्या खेपेला शाळांना सामान पुरवतात त्या दुकानात गेले. म्हातारा मालक म्हणाला, "शाळा कुठली, ताई?"

"शाळा न्हाई. लग्न हाय."

"लग्नात परीक्षानळ्या?"

"कान पिळायचाय."

त्यानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. सगळं सांगितलं तेव्हा हसला आणि काचेची पेटी काढली. एक बाटली त्यातनं उचलून बाजूला ठेवली. "हे नको. आणि दिवा लावताना शेजारी जाणतं माणूस पायजे."

"हाय की, तिची बहीण—" म्हणाले आणि थांबले. बहीण तर मीच घेऊन चाललेय!

पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले. काय देतेय आणि काय नेतेय, काहीच समजेना. कडेगाव आलं तरी समजेना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विहीणबाईंना सांगितलं, प्रियाला पाठराखीण म्हणून पाठवा. पेटी घेऊन येऊ दे, आठ दिवस राहू दे बहिणीजवळ. त्या रडायलाच लागल्या. मला नाही जमत असलं. फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वीरधवल सुट्टीवर आला. पेटी हातात घेऊन म्हणतो, "आई, एवढं देतीयास म्हंजे पोरगी कान उपटूनच नेईल की!"

२३ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. पोरगी मांडवात आली! हिरवा परकर, डोळे सुजलेले. कानपिळीला पुकारलं. वीरधवलनं वाकून कान पुढं केला, मी पेटी घेऊन उभी. तिनं हात वर नेला आणि खाली घेतला.

"आत्ता का पिळायचा? ह्यांनी अजून काय केलंय?"

मांडव हसून लोटपोट! लालासाहेब तापले, "रीत हाय ती, पीळ गपचिप!" ती म्हणाली, "चुकले की पिळीन." भटजींनी हात जोडले. मला वाटलं, निवळली पोरगी. आपल्या वीरूत तिला खोट दिसली नाही. पेटी दिली. तिनं घट्ट धरली, गाडीतसुद्धा सोडली नाही.

मान आमचाच राहिला असं समजून मी लय खुशीत घरी आले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बघते तर पाहुणे उठून बसलेत, चहाचा पत्ता नाही, आणि दोघी बहिणी सोप्यात पेटी उघडून नळीत लाल पाणी हलवतायत! माझा पारा चढला. शिवांजलीवर ओरडले, "नांदायला आलीस का शाळंला आलीस?" तिचं तोंड एवढंसं झालं.

प्रियानं नळी जपून खाली ठेवली. उठली. माझ्यापुढं येऊन टाचा उंच केल्या आणि सगळ्या पाहुण्यांदेखत माझा कान पिळला. चांगला पिळला.

चहा मीच टाकला.