राजासारखा दिसणारा

मंगळवार, संध्याकाळ. कोथरूड.

आमचा जर्मन शेफर्ड, राजा, गेल्यापासून बाबा घराबाहेर पडेनात, म्हणून मी तसाच दिसणारा कुत्रा आणला. आज त्याला तपासताना प्राण्यांचे डॉक्टर हसले. "अहो, हा जर्मन शेफर्ड नव्हे, बेल्जियन मॅलिन्वा जातीचा. याला सतत काम लागतं. पायाशी पडून राहणार नाही."

राजाची पाठ मागे उतरती होती, याची सरळ. ती सरळ पाठ मला दिसली कशी नाही? पंच्याहत्तरीच्या माणसाला असली भिंगरी! चुकलंच माझं. परत देऊ या, असं बाबांना म्हटलं.

"मीही एका जागी बसलो नाही, तर मला कुठे परत देणार?"

मग चेंडू घेऊन स्वतःच खाली उतरले. तासाभराने धापा टाकत वर आले. "उद्या पहाटे टेकडीवर नेतो याला. तू झोप."