चौथ्या पिंजऱ्यातलं लाकडी अंडं

मंगळवार, ९ एप्रिल

आधी झालं तेवढंच लिहिते.

१. उबवणीच्या खोलीत बोलायचं नाही. क्रौंचाचं पिल्लू कवचात असतानाच आवाज ओळखू लागतं. माणसाचा ओळखला, की जन्मभर माणसालाच आपलं मानतं.
२. फोन बाहेर ठेवायचा असतो. मी खिशात ठेवला.
३. आईचा आला. मी म्हणाले, "हो गं, नक्की. एक तारखेला तिकडे रुजू होतेय."
४. अंड्यातून चिवचिव आली. मी थांबले, तेही थांबलं. "ठेवते" म्हणाले — पुन्हा चिवचिव!

बुधवार, १० एप्रिल

अंडं बाईसाहेबांचं, म्हणजे आमच्या क्रौंच मादीचं, आहे. त्यांना लहानपणी माणसांनी हाताने भरवलं. तेव्हा हा नियम नव्हता. आता नर दिसला की चोच उगारतात. नाचतात फक्त माझ्यासमोर. मी वाकायचं, हात पसरायचे, उडी मारायची. मगच कृत्रिम रेतन करता येतं आणि त्या अंडं घालतात. यंत्रशास्त्र शिकून हे करते मी! मागे रजेवर गेले तर त्यांनी खाणं सोडलं. तेव्हापासून दरवर्षी केंद्रप्रमुख सरांचं ठरलेलं वाक्य, एवढा हंगाम काढ. आमची डॉक्टरीण म्हणते, "तुझं लग्न कधीच लागलंय. सासरही हेच, माहेरही हेच."

नवी नोकरी पाणथळीवर, जंगली पक्षी मोजायची. माणूस दिसला की ते उडून जातात. मला तसेच हवेत.

बुधवार, संध्याकाळ

फोनचं आणि चिवचिवीचं सरांना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. खूश झाले! "बरंच झालं की. तुझ्या मागे मागे वाढेल. पुढच्या पिढीचीही सोय झाली."

मी म्हणाले, चौथ्या पिंजऱ्यातली क्रौंचांची जोडी आपण ठेवलेल्या लाकडी अंड्यावर बसलीय. ते काढून हे ठेवू. त्यांचा आवाज ऐकला तर माझा विसरेल, मोठं झालं की सोडता येईल.

गेल्या वर्षी त्याच जोडीने एक अंडं फोडलं, याची सरांनी आठवण करून दिली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?"

ते चूक नाहीत. पक्षी उरलेत किती! पण माझ्यामागे धावणारं पिल्लू उरलं, असं म्हणायचं का?

गुरुवार, ११ एप्रिल

सकाळी मागच्या दाराने आत गेले. बाईसाहेबांनी तरीही पाहिलं. वाकून उभ्या राहिल्या, मी वाकेपर्यंत.

वाकले.

गुरुवार, दुपार

डॉक्टरीण म्हणाली, कवचाला बारीक तडा गेलाय, शनिवारी पिल्लू बाहेर येईल. अंडं हलवायचं तर त्याआधीच. शिवाय ती जोडी यंदा नीट बसलीय, असंही म्हणाली. पण सही सरांची.

गुरुवार, संध्याकाळ

सरांना पाठवलं ते असं:

"सर, अंडं चौथ्या पिंजऱ्यातल्या जोडीखाली ठेवावं. पिल्लू वाढेपर्यंत मी त्या बाजूला फिरकणार नाही. त्या बदल्यात एक तारखेची नोकरी मी नाकारते. बाईसाहेब आहेत तोवर इथेच राहीन. कृपया उद्या, शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर द्यावं."

आईला अजून कळवलेलं नाही.