गव्हाण थांबवायची कुणी

पप्पा, तुमच्याशी माझं भांडण अजून संपलेलं नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. आज सकाळी मी माझ्या साहेबांना तोंडावर नाही म्हणाले, आणि म्हणताना डोळ्यांसमोर साहेब नव्हते, तुम्ही होतात.

तुम्ही साखर कारखान्यात गव्हाणीवर होतात. गाड्यांतला ऊस त्या सरकत्या पट्ट्यावर पडायचा, पुढे पात्यांखाली जायचा, आणि तुमच्या हाताशी लाल बटण असायचं. पण ते दाबायला वरच्या केबिनमधल्या साहेबांची परवानगी लागायची, कारण गव्हाण थांबली की गाळप थांबतं. तुमच्याबरोबर कामाला असलेल्या शेजारच्या काकांच्या गळ्यातला टॉवेल पट्ट्यात अडकला आणि तो सोडवायला त्यांनी हात घातला, त्या दुपारी तुम्ही बटणापाशीच उभे होतात. तुम्ही फोन उचललात आणि वर विचारलंत. होकार येईपर्यंत काकांचा उजवा हात गेला होता. संध्याकाळी आई चुलीपुढे रडतेय, तव्यावर भाकरी करपतेय, मी शाळेच्या कपड्यांतच दारात उभी आहे. मी विचारते, आधी बटण का नाही दाबलंत? तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणता, “सायबाला इचारल्याबिगर गव्हान थांबवायची न्हाई. तुला काय कळतंय त्यातलं?” काका पुढे कोल्हारच्या पुलाजवळ पेरू विकायला बसायचे, डाव्या हाताने तोलायचे. एसटी तिथून जाताना तुम्ही दुसऱ्या खिडकीकडे तोंड करायचात. मला तुमचा राग यायचा, आणि कीवही यायची.

त्यातलं कळावं म्हणूनच मी शिकले, असं म्हटलं तर हसाल. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका कारखान्यात आमच्या कंपनीने गव्हाणीवर कॅमेरे लावलेत. कुणाचा हात किंवा कपडा पट्ट्याजवळ गेला की गव्हाण आपोआप थांबली पाहिजे. चित्र मोबाईलच्या नेटवर्कवरून जातं. आधी ते टॉवरवरून थेट मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे जायचं, तिथे काय ते ठरायचं आणि थांबण्याचा हुकूम परत यायचा. नेटवर्कवर गर्दी असली की तेवढ्यात पट्टा वीतभर पुढे गेलेला असायचा. वीतभर म्हणजे माणसाचा अख्खा पंजा. म्हणून मी कारखान्याच्या आवारातल्या टॉवरच्या पायथ्याशीच, पत्र्याच्या खोलीत, एक छोटा कॉम्प्युटर बसवला. चित्र तिथेच तपासलं जातं, निर्णय तिथेच होतो, मुंबईला फक्त मागाहून कळतं. चाचणीला आम्ही काठीला जुन्या शर्टाची बाही बांधून पुढे केली आणि पट्टा जागच्या जागी थांबला. मी मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना ऊन लागलं.

आता साहेबांना ती कॉम्प्युटरची पेटी नकोय. धूळ आहे, उंदीर आहेत, वीज जाते, जागोजागी असली लोढणी सांभाळायची कुणी, आणि उगाचच गव्हाण थांबली तर जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. सगळं मुंबईलाच असू दे. उद्या मोळी पडणार, हंगाम सुरू होणार. त्याआधी पेटी काढा आणि सगळं सुरक्षित आहे म्हणून सही करा, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, “पेटी निघाली तर माझी सही मिळणार नाही. उगाच थांबली तर थांबू दे. ऊस उद्याही गाळता येतो.” ते म्हणाले, नोकरीचा विचार करा. मी म्हणाले, केलाय. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि त्यांचा फोन मी उचलत नाहीये.

नोकरी जायची भीती काय असते ते मला आता चांगलंच कळतंय. माझी बहुधा जाईलही. म्हणून मी तुम्हाला माफ करीन असं समजू नका. घाबरलेल्या माणसालाही बटण दाबता येतं, पप्पा. बोट तेवढं पुढे करायचं असतं.

हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्या कबरीवर नेऊनही ठेवणार नाही. एवढंच सांगते की साहेबांपुढे तोंड उघडायच्या आधी, नाही म्हणू का, हे कुणालातरी विचारावंसं वाटलं होतं. तुम्हालाच विचारावंसं वाटलं होतं.