बंद पडायला फॅक्टरी असावी लागते

चांदे, ता. मुळशी
मार्च २००९

तीर्थस्वरूप विश्राममामांना चांद्याहून कौस्तुभचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींनी दिलेला लेप खरंच लावता, की 'लावतो, लावतो' म्हणून मोकळे होता? मामींचं पित्त कसं आहे? माझी तब्येत ठीक. (आरशात बघितलं तर ठीक वाटत नाही, पण आरसा घरमालकांचा आहे आणि त्याला मुळातच तडा गेलेला आहे.) फोन सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुमच्या मनात येईल. मामा, माझी जी काही वाट लागली ती फोनमुळेच लागली. म्हणून म्हटलं, या वेळी कागदावर. चष्मा लावून सावकाश वाचा, आणि मग माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना समजावून सांगा. (होणाऱ्या हा शब्द अजून लावता येतो की नाही ते मला माहीत नाही. सवयीने लावला.)

पहिली गोष्ट, आणि ही स्वरदाच्या वडिलांना अगदी याच शब्दांत सांगितलीत तरी चालेल. माझी फॅक्टरी बंद पडलेली नाही. बंद पडायला आधी फॅक्टरी असावी लागते. मी हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसतो, हे साखरपुड्यात तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरत होता ('आमचा भाचा जावात आहे,' असं म्हणालात, तेव्हा स्वरदाच्या आत्याबाईंनी विचारलं होतं की तिकडे भूकंप फार होतात ना). जावा ही कॉम्प्युटरची भाषा. आमचं काम बेल्जियममधल्या एका गाद्या विकणाऱ्या कंपनीचं. तिचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही एकसंध न करता सुट्या सुट्या तुकड्यांचं केलं. तुकड्याला म्हणायचं कंपोनंट. एक ऑर्डर घेतो, एक गोदामात माल आहे का ते सांगतो, एक बिल करतो. आणि हे तुकडे लागतील तसे तयार करून देणारा जो तुकडा, त्याचं नाव फॅक्टरी. संपलं. तिला धुराडं नाही, भोंगा नाही, गेटवर युनियनचा बोर्ड नाही. हे नाव ज्या कुणाला सुचलं तो भाड्याच्या खोलीत राहत नसणार आणि त्याचं लग्नही ठरायचं नसणार.

आता ही फॅक्टरी अडली कशी ते सांगतो, कारण सगळं रामायण तिथून आहे. प्रत्येक तुकडा उभा करण्याआधी फॅक्टरी बघते की याला दुसऱ्या कुणाकुणाची सेवा लागते. काहींच्या वाचून त्याचं अडतं, काहींच्या वाचून अडत नाही. कुणावाचून अडतं ते आधीच लिहून द्यायचं असतं. आणि ज्याच्यावाचून अडतं तो हजर नसला की फॅक्टरी हा तुकडा करतच नाही. गप्प बसते. तक्रार नाही, आरडाओरडा नाही, काही नाही. आमच्याकडे ऑर्डरवाल्याने लिहिलं होतं, मालवाल्यावाचून माझं अडतं. मालवाल्याने लिहिलं होतं, ऑर्डरवाल्यावाचून माझं अडतं (आधीच किती गाद्या कुणाच्या नावावर गेल्यात हे कळल्याशिवाय उरलेल्या तो कशा सांगणार?). दोघांचंही बरोबर. मग दोघंही एकमेकांची वाट बघत बसले, पंगतीत 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही' करत दोन व्याही उभे राहतात तसे. आणि वाढपी आपला वरणाची बादली घेऊन ताटकळलेला. तो वाढपी म्हणजे मी.

हे सगळं मी सौरभला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, रोज फोनवर सांगत होतो. चांद्यात माझ्या फोनला रेंज मिळते ती फक्त गच्चीत, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. त्या गच्चीच्या बरोबर खाली घरमालक धुळाजींची मेंढरं असतात आणि मेंढरांना पाला टाकत स्वतः धुळाजी असतात. त्यांच्या कानावर रोज काय पडत होतं? फॅक्टरी चालत नाही. कंपोनंट निघत नाहीत. ऑर्डरी अडकल्यात. गिऱ्हाईक बोंबलतंय. मामा, यातून देवाने तरी दुसरा काय अर्थ काढला असता? त्यात हे मंदीचे दिवस, उरवड्याकडे खरोखरीच्या फॅक्टऱ्यांमधून रोज कुणी ना कुणी घरी बसतंय. आणि नेमका तुमचा फोन त्यांच्या मोबाइलवर गेला (माझा लागला नाही तर इथे लावा म्हणून नंबर मीच दिला होता. ही माझी दूरदृष्टी). त्या भल्या माणसाने मनापासून सांगितलं, की साहेबांची फॅक्टरी बंद पडलीया, लई हाल हायेत. तुम्ही काळजीपोटी ते स्वरदाच्या वडिलांच्या कानावर घातलंत. मी तुम्हाला दोष देत नाही (आई देते). आणि त्यांचा निरोप आला, की आधी फॅक्टरी सुरू होऊ द्या, मग तारखेचं बघू, आणि तोवर पोरांनी फोनवर बोलायचंही नाही. मे महिन्यातला मुहूर्त हातचा गेला, तोही जी कधी नव्हतीच अशा फॅक्टरीपायी.

धुळाजी मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. माणूस फार चांगला आहे, तीच अडचण आहे. त्यांच्या मंडळी चिमाबाई मला बाजरीची भाकरी आणि ठेचा आणून द्यायला लागल्या, आणि मी जेवताना दारात उभ्या राहून अशा बघायच्या की घास उतरत नसे. मग एका रविवारी धुळाजी म्हणाले, चला, जरा जाऊन येऊ. मला वाटलं देवदर्शन असेल. मोटारसायकल थेट उरवड्याला एका कारखान्याच्या गेटवर. तिथे त्यांचे पाव्हणे कुशाबा वॉचमन आहेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, कंपोनंट मोटारीचं का ट्रॅक्टरचं? मी म्हटलं, दोन्हीचं नाही, ते डोळ्यांना दिसत नाहीत. कुशाबांनी धुळाजींकडे अशा नजरेने पाहिलं, की पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय हे आधी का न्हाई सांगितलं. त्या दिवसापासून भाकरीबरोबर दूधही येऊ लागलं. माझी अब्रू, मामा, मुळशी तालुक्यात तरी संपली.

ऑफिसात निराळीच तऱ्हा. माणसं कमी करणार, अशी सगळीकडे कुजबुज होती. सौरभ मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, की वरचे लोक संसारी माणसाला शेवटी हात लावतात, आधी सडेफटिंग जातात, तेव्हा भाई, जल्दी शादी कर ले. म्हणजे बघा. लग्न झालं तर नोकरी टिकेल, आणि नोकरी टिकली तर लग्न होईल. ऑर्डरवाला आणि मालवाला माझ्याच घरी येऊन बसले. खूप दिवस मी स्वतःलाच हसलो. मग हसू आलं नाही. टाकीला पाठ लावून उभा राहायचो, रेंज असायची आणि फोन कुणाला करायचा नसायचा. (हे आईला वाचून दाखवू नका.)

शेवटी सौरभनेच तोडगा काढला. म्हणाला, मालवाल्यावाचून अडतं असं लिहितोसच कशाला? अडत नाही म्हणून लिही. मी म्हटलं, अहो, पण अडतं ना. तो म्हणाला, लिही रे. 'अडत नाही' असं लिहिलं की फॅक्टरी खरा माणूस यायची वाट बघत नाही, त्याच्या जागी एक बुजगावणं उभं करते. त्याला काहीही विचारा, ते हो म्हणतं आणि करत काही नाही. (आमच्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत, पण कामासाठी मुद्दाम बनवलेलं हे एकच.) लिहिलं, आणि फॅक्टरी क्षणात सुरू. सौरभने केक कापला. मी धुळाजींना ओरडून सांगितलं, फॅक्टरी चालू झाली! चिमाबाईंनी माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून टाकल्या. आणि तिकडे बेल्जियममध्ये लोक गाद्या मागवत सुटले. माल आहे का? हो. एवढ्या मोठ्या मापाची? हो. उद्या मिळेल? हो. गोदामात जे नव्हतं ते सगळं विकलं गेलं. लोकांनी जुन्या गाद्या टाकून दिल्या आणि नव्या आल्याच नाहीत. माणसं जमिनीवर झोपली, मामा. त्या बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? तेव्हापासून 'अडत नाही' हे दोन शब्द कुठे दिसले, ऐकू आले, की मला ती जमिनीवर झोपलेली माणसं आठवतात.

तर स्वरदाच्या वडिलांना एवढंच सांगा, की फॅक्टरी हा नुसता शब्द आहे आणि मुलगा नोकरीत आहे. 'कळावे' असं दरवेळी शेवटी लिहितो, या वेळी कितपत कळेल याची शंकाच आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कौस्तुभ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. परवा मी ऑफिसात असताना स्वरदाचा फोन आला होता, वडिलांच्या चोरून, धुळाजींच्या मोबाइलवर. घेतला चिमाबाईंनी. निरोप त्यांच्याच शब्दांत लिहितो: 'बाई म्हनल्या, फॅक्टरी चालू असू दे न्हाईतर बंद, माजं काय अडत न्हाई.' मामा, मी तेव्हापासून नीट जेवलेलो नाही. याचा अर्थ फॅक्टरी नसली तरी ती लग्नाला तयार आहे असा, की मी नसलो तरी तिचं बरं चाललंय असा? हसून म्हणाली की रागाने, असं चिमाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, 'फोनमदी त्वांड दिसतंय व्हय?' तुम्ही लातूरला तिच्या घरी जाऊन तिला समक्ष विचारा. एवढ्याचसाठी हे सगळं लिहिलं, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आज सौरभने आत बोलावलं. गादीवाल्यांनी काम काढून घेतलं, आमची टीम मोडली, आणि मी महिनाअखेरीपर्यंत. फार गोड बोलला. म्हणाला, तुझ्या जागी कुणी घेणार नाही, तसं काही अडणार नाही. घरी आल्यावर धुळाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, 'मी तवाच सांगितलं व्हतं.' तेव्हा मघाशी लिहिलेलं सगळं खोडलेलं समजा. फॅक्टरी बंद पडली आहे.

ता. क. स्वरदाला विचारण्याआधी हे तिला खरं खरं सांगा, लपवू नका. बुजगावण्यासारखं हो मला तिच्याकडून नको. मग ती काय म्हणते ते तिच्या तोंडाकडे बघून ऐका. आणि पुन्हा तेच म्हणाली, किंवा काहीच बोलली नाही, तर वाद घालू नका. फक्त माझ्याकडून एवढं सांगा, की तिच्यावाचून कौस्तुभचं अडतं. आधीच लिहून द्यायचं असतं ते. माझं राहून गेलं.