कोल्हेमाळची क्रांती

कोल्हेमाळ, ता. सेनगाव
५ जानेवारी २०२५

ती. देविदासदादास,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

फोन यांच्याच खिशात असतो, म्हणून कागद धरला. वहिनीच्या गुडघ्याला आराम पडला का?

मी सरपंच झाले तवा गावानं फलक लावला, ‘महिलाराजची क्रांती’. सभेत बोलतात हे, सह्या तेवढ्या माझ्या. वरच्या वस्तीच्या बाया हातपंप मागाया आल्या, तर हे म्हणाले, तिला काय विचारता, मी हाये ना. आता तोच पंप आमच्या शेतातल्या आखाड्यावर घेऊन राहिले. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत मला बोलायचंय. तुमी या, मला धीर येईल. अन् तुमी मास्तर, क्रांती म्हणजे नेमकं काय तेबी सांगा.

माया असू द्या.
सुकन्या

कळमनुरी
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. सुकन्या,
अनेक आशीर्वाद.

वहिनी आता जिना चढते, उतरताना मात्र मला हाका मारते.

‘क्रम’ म्हणजे पाऊल टाकणे, त्यावरून क्रांती. आजची संक्रांतही त्यातलीच. भूगोलात क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याची वाट, वर्षभर चालून पुन्हा तिथंच! शेजारचे इनायतचाचा शिंपी सांगतात, इन्कलाब म्हणजे उलटणं. विटका कोट उलटून शिवला की नवा होतो.

सव्वीसला शाळेत ध्वजवंदन आहे, येणं जमणार नाही. घरात शिवप्रसादरावांशी वाकडं घेऊ नकोस.

सुखी राहा.
तुझा दादा

कोल्हेमाळ
५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सव्वीसला यांनी माणसं येऊच दिली न्हाई. कोरम भरला न्हाई, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई, हे ग्रामसेवकांनी सांगितलं. म्हणून एकतीसला पुन्हा बसलो. वस्तीवरून खतीजाबी नऊ बाया घेऊन आली. हे म्हणाले, खाली बस. मी उभीच राहिले. पंप वस्तीवरच होईल, असं मी बोलले. ठराव मंजूर झाला.

पंप काही आला न्हाई. तालुक्याला कागद अडकलाय. घरात हे माझ्याशी बोलत न्हाईत, सासूबाई माझ्या हातचं खात न्हाईत. तरी यांच्यापेक्षा तुमचाच राग जास्त येतो, दादा. एवढं सगळं लिहायला सवड काढली, बस धरायला काहून न्हाई?

सोमवारी पंचायत समितीत जाऊन राहिले. साहेब सकाळी अकराला भेटतात. तुमी आले तर बरं, न्हाई तर मी अन् खतीजाबी जातोच.

लोभ आहेच, तुमचाबी दिसू द्या.
सुकन्या