हलिमाच्या लुनावरून

धर्मराजा,

मावशीकडे जाते म्हणून निघाले, पण मी तिथे नाही. हलिमाच्या लुनावर मागे बसून किनारा बघत फिरतेय, पाठीला तुझ्या केतनचं दप्तर. करंज्याला लुना होडीत चढवली, रेवसला उतरवली. नागाव झालं, आज काशीद. पाठ टेकली की पुढचं गाव बोलावतं. हलिमा म्हणते, "विमल, साठीनंतर तुला कसले गो पाय फुटले?" तीच हे लिहून घेतेय, म्हणून माझ्यापेक्षा गोड वाटेल.

तू म्हणालास, "आये, बिल्डरला सोमवार शेवटचा दिलाय. नुसता अंगठा लाव. बाकी तुला काय कलतं?" खरंय, कागदातलं काही कळत नाही. इतकंच कळतं की वाडी माझ्या नावावर आहे आणि अंगठा माझ्या हाताला. वाशीत राहिले असते, तर तुझं उतरलेलं तोंड बघून लावला असता. तुला नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही. म्हणून अंगठ्याला समुद्र दाखवायला घेऊन आले.

हे टपालात टाकलं तर शिक्क्यावरून गाव कळेल, आणि तू जीप काढशील. म्हणून टाकत नाही. उद्या मुरूड.

मंगळवारी सापडणारी,
तुझी आये